जमिनीवरचें जहाज : 'तलवार'

आरमार हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें निळें पाणी, फडफडणारीं निशाणें आणि रोखलेल्या तोफा उभ्या राहतात. परंतु ज्या एका 'जहाजा'नें हिंदुस्थानांतील ब्रिटिश सत्तेच्या पायाखालची वाळू सरकविली, तें जहाज कधींहि पाण्यावर तरंगलें नाहीं. त्यास शीड नव्हतें, सुकाणूं नव्हतें कीं नांगर नव्हता. मुंबईच्या कुलाबा भागांतील कांहीं बराकी, वर्गाच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि कवायतीचें मैदान एवढाच त्याचा पसारा होता. हिंदी आरमाराची संदेशविद्या शिकविणारी ही शाळा. तिचें नांव 'तलवार'. १९४६ च्या फेब्रुवारी महिन्यांत, १८ तारखेस सकाळीं, या शाळेंतील नाविकांनीं पुढें आलेलें अन्न नाकारलें; आणि दोन दिवस उलटतात न उलटतात तों मुंबईपासून कराचीपर्यंतचें आरमार वरिष्ठांच्या हातून निसटलें. हें घडलें कसें, आणि तें नेमकें याच शाळेंत कां घडलें, हा विचार आजहि उद्बोधक आहे.

जमिनीवरील इमारतीस जहाज म्हणावयाचें, ही रीत आपणांस विचित्र वाटते; पण तिच्यामागें कायद्याची एक अडचण आहे. इंग्रजी आरमाराची शिस्त व शिक्षा हीं ज्याचें नांव कोणत्या तरी जहाजाच्या पटावर आहे त्यासच लागूं पडत. तेव्हां किनाऱ्यावरच्या माणसांस त्या शिस्तीखालीं आणावयाचें तर त्यांच्या वास्तूसच जहाजाचा दर्जा देणें भाग होतें. १८०४ सालीं वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटाजवळच्या एका उघड्या खडकावर इंग्रजांनीं तोफा चढविल्या आणि त्या खडकाची जहाज म्हणून रीतसर नोंद केली. हें या प्रकाराचें एक नामांकित उदाहरण होय. अशा वास्तूस खलाशांच्या बोलींत 'दगडी फ्रिगेट' म्हणतात. तेथें फरशीस 'डेक' म्हणावयाचें, स्वयंपाकघरास 'गॅली' म्हणावयाचें, आणि दरवाजा ओलांडून बाजारांत जावयाचें असलें तरी 'किनाऱ्यावर जाण्याची' रजा मागावयाची! दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर अशीं बरींच जहाजें उभीं राहिलीं. जामनगरजवळ पाणतीरांचें (टॉर्पेडोंचें) शिक्षण देणारें 'वलसुरा', कराचीस तोफखान्याचें 'हिमालय' व रडारचें 'चमक', आणि समुद्र दृष्टीसहि पडत नाहीं अशा लोणावळ्याच्या डोंगरांत यंत्रविद्येचें 'शिवाजी' हीं त्यांतलींच होत.

संदेशविद्या ती कोणती?

समुद्रापासून शेकडों कोस दूर, गोंदिया-भंडाऱ्याकडील तलावांच्या मुलखांत राहणाऱ्या वाचकांस आरमारी खुणांची विद्या अगदींच परकी वाटेल. परंतु ज्यांनीं पूर्वींच्या काळीं गोंदिया जंक्शनवर हावडा-मुंबई गाडीची वाट पाहत तास काढले असतील, त्यांनीं तिचें एक बालरूप पाहिलेलेंच आहे. खांबावरचा तांबडा हात आडवा असला कीं गाडीनें थांबावें आणि तो कलला कीं पुढें जावें, या योजनेस 'सेमाफोर' म्हणतात. १७९४ मध्यें क्लोद शाप नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें उंच मनोऱ्यांवर असे हलते हात बसवून पॅरिसहून लील शहरापर्यंत बातम्या धाडण्याची सोय केली, तेथून या कल्पनेचा विस्तार झाला. आरमारांत खांबाची जागा माणसानें घेतली. दोन्हीं हातांत दोन बावटे घेऊन नाविक उभा राहतो. हातांच्या प्रत्येक ठेवणीस एकेक अक्षर नेमलेलें असतें, आणि पलीकडच्या जहाजावरचा दुसरा नाविक दुर्बिणीतून तीं अक्षरें भराभर टिपून घेतो.

हा झाला जवळचा व्यवहार. थोडें अंतर वाढलें म्हणजे डोलकाठीवर रंगीबेरंगी निशाणांची माळ चढवितात. एकेक निशाण म्हणजे एकेक अक्षर वा अंक, आणि ठराविक निशाणांचा समूह म्हणजे पुस्तकांत नोंदलेली एखादी संपूर्ण आज्ञा. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईपूर्वीं नेल्सननें आपल्या सर्व जहाजांस जो सुप्रसिद्ध संदेश दिला, तो याच रीतीनें. रात्रीं निशाणें दिसत नाहींत. तेव्हां झडप लावलेल्या दिव्याची उघडझांप करून मोर्सच्या 'कट्ट' आणि 'कडकट्ट' यांची भाषा प्रकाशांतून बोलावयाची. आणि जेथें नजर पोंचत नाहीं तेथें बिनतारी तारायंत्र. १९०५ सालीं सुशिमाच्या सामुद्रधुनींत जपाननें रशियाच्या आरमाराचा धुव्वा उडविला, त्या विजयाचा आरंभ एका टेहळणी जहाजानें धुक्यांतून धाडलेल्या बिनतारी संदेशानेंच झाला होता. तोफा कितीहि मोठ्या असल्या तरी शत्रू कोठें आहे आणि सेनापतीची आज्ञा काय आहे हें कळल्याखेरीज त्या मुक्याच राहतात.

या विद्येस हाताच्या बळापेक्षां कान, डोळे आणि बुद्धि यांची तयारी अधिक लागते. कानांवर टोपण चढवून तासन्‌तास बसावयाचें, खरखरीतून नेमके नाद वेंचावयाचे, ते इंग्रजी अक्षरांत उतरवावयाचे, आणि गुप्तलिपींतील संदेश असेल तर एका अक्षराचीहि चूक होऊं द्यावयाची नाहीं. म्हणून या शाखेसाठीं इंग्रजी जाणणारे, शाळेंत बरीच मजल मारलेले तरुण निवडीत असत. बराकींतील इतर शाखांच्या मानानें येथें वर्तमानपत्रें अधिक वाचलीं जात आणि वाद अधिक होत. ही गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

लहानाचें मोठें झालेलें आरमार

इंग्रजांच्या हिंदी आरमाराची वंशावळ बरीच जुनी. १६१२ सालीं सुरतेजवळ ईस्ट इंडिया कंपनीचीं गलबतें आलीं, तेथून तिचा आरंभ धरतात. पुढें 'बॉम्बे मरीन', १८३० मध्यें 'इंडियन नेव्ही', १८९२ मध्यें 'रॉयल इंडियन मरीन' अशीं नांवें पालटत पालटत १९३४ सालीं 'रॉयल इंडियन नेव्ही' हें नांव आलें. नांव मोठें झालें तरी देह लहानच राहिला. १९३९ मध्यें युद्धाचा भडका उडाला तेव्हां या दलांत जेमतेम दीड-दोन हजार माणसें होतीं. युद्ध संपतां संपतां ती संख्या पंचवीस हजारांच्या पुढें गेली. पंजाब, बंगाल, मद्रास, कोंकण, संयुक्त प्रांत अशा सर्व दिशांनीं तरुण भरती झाले; कित्येकांनीं तर त्यापूर्वीं समुद्रच पाहिला नव्हता. अंगावर स्वच्छ गणवेश, पोटापुरता पगार, धंद्याचें शिक्षण आणि युद्धानंतर चांगल्या नोकरीची आशा, हीं आमिषें त्यांच्यापुढें ठेवण्यांत आलीं होतीं.

त्यांनीं आपलें काम चोख बजावलें. ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं 'बेंगॉल' या चिमुकल्या हिंदी जहाजानें 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजासह दोन बलाढ्य जपानी जहाजांशीं सामना दिला व त्यांतलें एक बुडालें, ही कथा त्या वेळीं जगभर गाजली. परंतु पराक्रम एक आणि वागणूक दुसरी. त्याच कामाकरितां गोऱ्या नाविकास मिळणारा पगार, भत्ता व अन्न यांत आणि हिंदी नाविकाच्या वांट्यास येणाऱ्या पगारांत, भत्त्यांत व अन्नांत मोठी तफावत होती. खडे असलेला भात, पाणचट डाळ आणि वरिष्ठांची शिवीगाळ हा नित्याचा प्रसाद होता. युद्ध संपल्यावर तर हजारों तरुणांस घरीं पाठविण्याची भाषा सुरू झाली आणि आश्वासन दिलेल्या नोकऱ्यांचा मागमूसहि दिसेना.

त्यांतच ५ नोव्हेंबर १९४५ पासून दिल्लीच्या लाल किल्ल्यांत आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज, सहगल व धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. एक मुसलमान, एक हिंदु व एक शीख अशी ही त्रयी. त्यांच्या नांवानें सारा देश पेटून उठला. बातम्या धाडण्याघेण्याच्या धंद्यांतच वाढलेल्या 'तलवारी'वरील तरुणांच्या कानांवर हें सारें न पडतें तर तेंच नवल होतें.

भिंतींवरचीं अक्षरें

१ डिसेंबर १९४५ हा आरमार-दिन. त्या दिवशीं मुंबईच्या नागरिकांस आरमारी वास्तु पाहण्यास मोकळीक होती. 'तलवारी'वर सर्वत्र झाडलोट व सजावट झाली होती. पण सकाळ उजाडली तों मैदानांत व भिंतींवर 'चले जाव' आणि 'साम्राज्यशाहीचा धिक्कार' अशा अर्थाचीं मोठमोठीं इंग्रजी अक्षरें रंगविलेलीं आढळलीं. अधिकाऱ्यांची त्रेधा उडाली. फेब्रुवारीच्या आरंभीं सरसेनापति ऑकिनलेक यांची भेट ठरली होती; त्या वेळीं पहारे कडक असूनहि सलामीच्या चौथऱ्यावर पुन्हां तींच अक्षरें उमटलीं. या वेळीं मात्र एक नाविक सांपडला. हाताला लागलेल्या डिंकानें त्याचें बिंग फुटलें. त्याचें नांव बलाइचंद्र दत्त. बंगालचा, युद्धांत सेवा केलेला बिनतारी तारवाला. आपण केलें तें जाणूनबुजून केलें, असें त्यानें अधिकाऱ्यांपुढें निर्भीडपणें सांगितलें. पुढें १९७१ मध्यें त्यानें या साऱ्या प्रकरणावर इंग्रजींत पुस्तकहि लिहिलें.

'तलवारी'चा मुख्य त्या वेळीं कमांडर किंग हा होता. ८ फेब्रुवारीस त्यानें बराकींतील नाविकांस उद्देशून आईबापांवरून व कुलावरून अत्यंत ओंगळ शब्द वापरले. पूर्वीं असें होई तेव्हां खलाशी दांतओठ खाऊन गप्प बसत. या वेळीं लिहितां-वाचतां येणाऱ्या त्या तरुणांनीं नियमांचें पुस्तक काढलें आणि नियमांस धरून आपापल्या लेखी तक्रारी दाखल केल्या. त्यांवर तांतडीनें विचार होण्याऐवजीं, वरिष्ठाविरुद्ध खोटी तक्रार करणें हाहि मोठा अपराध आहे, असें त्यांस बजावण्यांत आलें. न्यायाचा सरळ दरवाजा असा तोंडावर लावला गेला, आणि मग राहिला तो एकच मार्ग. १८ फेब्रुवारीच्या सकाळीं शाळेंतील हजाराहून अधिक नाविक एकमुखानें म्हणाले कीं अन्न नाहीं तर काम नाहीं! रिअर-ॲडमिरल रॅट्रे समजूत घालण्यास आले. किंग यांच्या जागीं दुसरा अधिकारी नेमण्यांत आला. परंतु आतां प्रश्न एका माणसाचा उरला नव्हता.

पांच दिवस

येथें शाळेंत शिकविलेली विद्या उपयोगास आली. ज्यांच्या हातीं बिनतारी यंत्रें, त्यांनींच संप केलेला. मग बातमी अडविणार कोण? १९ तारखेस ती बंदरांतील जहाजांवर पोंचली, आणि तेथून कराची, मद्रास, विशाखापट्टण, कलकत्ता अशी पसरत गेली. सुमारें अठ्ठ्याहत्तर जहाजें, वीस किनारी ठाणीं आणि वीस हजार नाविक संपांत सामील झाले, असा अंदाज नेहमीं देण्यांत येतो. जहाजांवरून ब्रिटिश निशाण खालीं आलें. त्याच्या जागीं काँग्रेसचें, मुस्लिम लीगचें आणि कम्युनिस्टांचें अशीं तीन निशाणें एकत्र चढलीं. मध्यवर्ती संप-समितीचा अध्यक्ष झाला एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग, दोघेहि संदेशशाखेचेच. त्यांच्या मागण्यांत समान पगार, चांगलें अन्न व लौकर मुक्तता यांबरोबरच आझाद हिंद सेनेच्या बंदिवानांची सुटका आणि इंडोनेशियांतून हिंदी सैन्य परत आणणें याहि होत्या. पोटाचा प्रश्न व देशाचा प्रश्न या तरुणांनीं वेगळे मानले नाहींत.

२१ तारखेस कॅसल बराकींतून नाविकांनीं बाहेर पडण्याचा प्रयत्न करतांच गोळीबार सुरू झाला व तो कित्येक तास चालला. आरमाराचे मुख्य ॲडमिरल गॉडफ्रे यांनीं आकाशवाणीवरून धमकी दिली कीं, सारें आरमार नष्ट करावें लागलें तरी बेहत्तर, पण बंड मोडून काढूं. हे गॉडफ्रे युद्धाच्या पहिल्या वर्षांत लंडनला आरमारी गुप्तवार्ताखात्याचे प्रमुख होते! शत्रूच्या पोटांतलें काढून घेण्यांत मुरलेल्या या गृहस्थास आपल्याच माणसांच्या मनांतलें मात्र कळलें नाहीं.

जहाजांवरील अन्न संपत आल्याचें कळतांच मुंबईचे लोक फळें, पाव, दूध, शिजविलेलें अन्न घेऊन 'गेटवे'पाशीं लोटले. दुकानदारांनीं मोल घेतलें नाहीं. २२ तारखेस शहरांत कडकडीत हरताळ पडला. गिरण्या बंद, ट्राम बंद. रस्तोरस्तीं लष्कर उतरलें. त्या दिवसांतील गोळीबारांत दोनशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं आणि हजाराच्या घरांत जखमी झालीं. परळ येथें कमल दोंदे या महाराष्ट्रीय कार्यकर्तीस गोळी लागून मरण आलें. आरमारी संपाच्या इतिहासांत खलाशांचीं नांवें थोडीं तरी सांपडतात. पण त्यांच्यासाठीं रस्त्यावर पडलेल्या या बहुसंख्य नागरिकांचीं नांवेंहि आपणांस ठाऊक नाहींत. कराचीस 'हिंदुस्थान' या जहाजानें तोफांस तोफांनीं उत्तर दिलें आणि अखेर तें नमलें.

राष्ट्रीय पुढाऱ्यांत या प्रश्नीं एकमत नव्हतें. अरुणा असफअली यांनीं नाविकांची बाजू उचलून धरली. गांधीजींस हा मार्ग मान्य नव्हता. नोकरी अपमानास्पद वाटत असेल तर ती सोडून द्यावी, असें त्यांचें मत होतें. सत्तांतर दाराशीं आलें असतां सैन्याची शिस्त मोडणें हें उद्यांच्या स्वराज्यासहि घातक, हा सरदार पटेलांचा विचार. १९ फेब्रुवारीसच विलायतेंत पंतप्रधान ॲटली यांनीं मंत्रिमंडळाचें शिष्टमंडळ हिंदुस्थानांत धाडण्याची घोषणा केली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या विचाराची बैठक समजते. सरदारांनीं नाविकांस शस्त्रें खालीं ठेवण्याचा सल्ला दिला व कोणावर सूड उगविला जाऊं नये म्हणून काँग्रेस खटपट करील असें सांगितलें. जिनांनींहि तशीच विनंति केली. समितीनें रात्रभर वाद केला, आणि २३ तारखेस सकाळीं, आपण शरण जात आहों तें ब्रिटनला नव्हे, आपल्या देशाला, असें जाहीर करून संप मागें घेतला.

पुढें काय झालें?

पाटण्याचे मुख्य न्यायमूर्ति सर सय्यद फज्ल अली यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-मंडळ बसलें. न्यायमूर्ति मेहेरचंद महाजन हे त्याचे एक सभासद होते. वर्षानुवर्षें दाद न लागलेल्या सेवेंतील तक्रारी हें असंतोषाचें मूळ, आणि देशांतील राजकीय वातावरणानें त्यांस फुंकर घातली, असा त्या चौकशीचा एकंदर सूर होता. नाविकांचा जो मुद्दा पहिल्या दिवसापासून होता, तोच न्यायासनानें थोड्याफार फरकानें मान्य केला.

परंतु न्याय मान्य होणें आणि न्याय मिळणें यांत अंतर असतें. शेंकडों नाविकांस मुलुंडच्या छावणींत डांबण्यांत आलें. चारशें शहात्तर जणांस सेवेंतून काढून टाकलें आणि रिकाम्या हातांनीं आपापल्या गांवीं धाडलें. दीड वर्षानें स्वराज्य आलें. देशाचे दोन तुकडे झाले, आरमाराचेहि झाले. पण या तरुणांस ना भारताच्या आरमारानें परत घेतलें, ना पाकिस्तानच्या. ज्या हातांनीं बंदरांत तिन्ही निशाणें एकत्र चढविलीं, त्या हातांस कोठेंच काम उरलें नाहीं. घरीं परतलेल्या अशा मुलाकडे आईबापांनीं कोणत्या नजरेनें पाहिलें असेल, शेजाऱ्यांनीं काय विचारलें असेल, आणि 'सेवेंतून काढलेला' हा शिक्का घेऊन त्यानें दुसरी नोकरी कशी शोधली असेल, याची कल्पना मध्यमवर्गीय घरांतील कोणासहि करतां येईल. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांच्यापैकीं कांहींजणांचा गौरव झाला तो बऱ्याच वर्षांनीं. आज कुलाब्यास या उठावाचें स्मारक उभें आहे.

शाळेची हकीकतहि थोडक्यांत सांगावयास हवी. भारतीय नौदलाची संदेशशाळा आज कोचीस आहे. कॅसल बराकींस १९५१ मध्यें कान्होजी आंग्रे यांच्या स्मरणार्थ 'आंग्रे' हें नांव मिळालें. ज्या पुरुषास इंग्रज चांचा म्हणत, त्याच्या नांवानें त्यांचीच जुनी बराक ओळखली जाऊं लागली. 'तलवार' हें नांवहि पुसलें गेलें नाहीं. त्या नांवाची खरीखुरी युद्धनौका १९५९ मध्यें भारतीय नौदलांत आली आणि १९७१ च्या डिसेंबरांत कराचीवरील दुसऱ्या हल्ल्याच्या मोहिमेंत ती सामील होती. २००३ पासून त्याच नांवाची दुसरी, नवी युद्धनौका सेवेंत आली. नौदलानें नांव जपलें, ही समाधानाची गोष्ट. माणसें जपतां आलीं असतीं तर तें समाधान अधिक निर्भेळ झालें असतें.

शिस्त ही सैन्याचा प्राण आहे, हें कोणीहि नाकारणार नाहीं, आणि स्वतंत्र राष्ट्रास तर ती अधिकच हवी. पण शिस्तीचा करार दोन्हीं बाजूंनीं पाळावयाचा असतो. खालच्यानें आज्ञा ऐकावी, तशीच वरच्यानें तक्रार ऐकावी. 'तलवारी'वरील तरुणांनीं प्रथम नियमांप्रमाणें अर्ज लिहिले, आणि ते अर्ज वाचले गेले असते तर कदाचित् १८ फेब्रुवारी हा एक साधा सोमवार म्हणून निघून गेला असता. शाळा असो, कचेरी असो कीं घर असो, ज्यांच्यावर आपला अधिकार चालतो त्यांचें पहिलें, सौम्य शब्दांतलें बोलणें ऐकून घेण्याची संवय ज्यांस असते, त्यांच्यावर दुसरें बोलणें ऐकण्याची पाळी सहसा येत नाहीं.